कोहा बसवताना : चौदा हजार पुस्तके आणि एक काउंटर

सोलापूरच्या पूर्व भागातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर मी आहे. पोटासाठी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याचे संगणकावरील हिशेब सांभाळतो. ग्रंथालयात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू मिळून १४ हजारांवर पुस्तके आहेत. त्यांची देवघेव 'कोहा' या मुक्तस्रोत (जिचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रणालीवर आणण्याच्या कामाच्या या नोंदी आहेत. प्रणाली बसवण्याच्या पायऱ्या इतरत्र सहज मिळतात, म्हणून त्या येथे आटोपत्या घेतल्या आहेत. ती आपल्या सोयीची नसेल तेव्हा घडवणाऱ्यांपर्यंत आपले म्हणणे कसे पोचवावे यात माझे सर्वाधिक दिवस गेले, आणि त्यातील बरेचसे वाया गेले, म्हणून तेच सविस्तर लिहिले आहे.

९ जून २०२४

कार्यकारिणीने कोहाला मान्यता दिली. आधीची विकत घेतलेली प्रणाली आठ वर्षे वापरली. पुढे विक्रेत्याने फोन उचलणे बंद केले आणि आमचीच माहिती आम्हाला बाहेर काढता येईना, हा अनुभव ताजा असल्याने फारशी चर्चा झाली नाही. अध्यक्षांनी मात्र "फुकटच्या वस्तूला वाली कोण?" असा प्रश्न विचारला, तो इतिवृत्तात नोंदवला आहे. मी त्यांना एवढेच सांगितले की कोहा हा माओरी शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे, परंतु ती परतफेडीची अपेक्षा धरून दिलेली भेट असते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयाची जुनी प्रणाली सन २००० उजाडल्यावर चालेनाशी होणार होती, म्हणून त्यांनी काटिपो या कंपनीकडून नवी लिहून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये सुरू केली आणि सर्वांसाठी खुली ठेवली. म्हणजे या प्रणालीचा पहिला निर्णयच एका ग्रंथालयाने, पदरचे पैसे मोजून, घेतलेला होता. परतफेडीचा भाग तेव्हा माझ्याही नीट ध्यानात आला नव्हता.

खर्च : जुन्याच संगणकासाठी मेमरी आणि एसएसडी ४,६०० रुपये, बारकोड वाचक २,१०० रुपये, लेबलांचे रोल ३,४०० रुपये, यूपीएसची नवी बॅटरी १,३०० रुपये.

२३ जून

दाखल नोंदवहीच्या ११ हजार ओळी एक्सेलमध्ये होत्या, पण युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या. रूपांतर करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले आणि 'ऱ्य' बहुतेक ठिकाणी फुटला. दोन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बसवून तपासणी करून घेतली; त्यांचे मानधन ६,००० रुपये. प्रत्येक नोंदीत भाषेचा संकेत (मराठीस एमएआर, तेलुगूस टीईएल, कन्नडास केएएन, उर्दूस यूआरडी) सुरुवातीलाच भरावा. आम्ही तो राहू दिला आणि नंतर चार दिवस त्यातच गेले.

१ जुलै

डेबियन या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीवर कोहाची २३.११ ही आवृत्ती बसवली. २४.०५ नुकतीच आली होती, पण नव्या आवृत्तीचे पहिले काही आठवडे इतरांनी सोसावेत असा माझा स्वार्थी नियम आहे. शोधाचे काम झेब्रा नावाचा भाग करतो आणि देवनागरीसाठी त्याला आयसीयू या, युनिकोडची अक्षरे हाताळणाऱ्या, पद्धतीवर आणावे लागते. ती मांडणी मी स्वतः समजून न घेता, दुसऱ्या एका ठिकाणी वापरात असलेल्या फाइलीवरून उतरवून घेतली. या प्रकल्पातील सर्वांत महाग चूक ती हीच.

६ जुलै

शोध बिघडलेला आहे. 'पत्र' शोधले तर 'पुत्र' येतो, 'मळा' शोधला तर 'मुळा' आणि 'मेळा' येतात. 'देव' शोधणाऱ्या वाचकाला 'दैव' मिळत होते, यावर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "सर, हे चूक म्हणावे की बरोबर, तेच कळेना." मला हसण्याइतका धीर नव्हता. रात्री कोहाच्या बगझिलावर, म्हणजे अडचणींच्या सार्वजनिक नोंदवहीत, मी तक्रार नोंदवली. तिची भाषा आज वाचवत नाही. भारतीय भाषांकडे या मंडळींचे लक्ष नाही, देवनागरी वापरणारी एवढी ग्रंथालये असताना साधा शोध चालू नये हे खेदजनक आहे, अशा थाटाचे तीन परिच्छेद होते. आणि कोणती आवृत्ती, कोणती मांडणी, काय टंकले आणि काय आले, यांपैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. तीव्रतेच्या रकान्यात मी सर्वांत वरची पायरी निवडली होती.

९ जुलै

उत्तर आले, तेही दोन ओळींचे : तुमची आयसीयूची फाइल आणि प्रणालीसोबत आलेली मूळ फाइल यांत काय फरक आहे, तो जोडा. मला ही टाळाटाळ वाटली आणि मी पाच दिवस उत्तर दिले नाही.

१४ जुलै

फरक काढून पाहिला. उतरवून घेतलेल्या फाइलीत अक्षरांवरील 'जागा न घेणारी चिन्हे' काढून टाकण्याचा एक नियम होता. युरोपीय भाषांत अक्षरावरचे स्वराघात काढून शोध सोपा करण्यासाठी तो सोयीचा आहे. युनिकोडच्या वर्गीकरणात मात्र देवनागरीतील उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त याच वर्गात मोडतात. काना आणि वेलांट्या जागा घेणाऱ्या समजल्या जातात, म्हणून त्या तेवढ्या वाचत होत्या. 'पुत्र' आणि 'पत्र' दोन्ही झेब्राच्या लेखी 'पतर' झाले होते. तेलुगूत गळणारी चिन्हे आणखी वेगळी होती. दोष कोहाचा नव्हता, माझा होता. मी तसे लिहिले, क्षमा मागितली आणि स्वतःच्या तक्रारीला 'अवैध' असा शेरा मारून ती बंद केली.

१७ जुलै

आषाढीनिमित्त ग्रंथालय बंद असल्याचा लाभ घेऊन नियम काढला आणि संपूर्ण सूची नव्याने बांधली. 'पत्र' आता पत्रच आणते. एका ओळीपायी ११ दिवस गेले.

४ ऑगस्ट

देवघेव सुरू झाली. आमच्याकडे मासिक वर्गणी आहे, आणि पुस्तक देताना सभासदाने शेवटची वर्गणी केव्हा भरली हे समोर दिसावे असे मला वाटले. ही मागणी मी, या वेळी आवृत्ती, पायऱ्या आणि कारण यांसह, 'सुधारणा' या सदरात नोंदवली. सूचना अशी मिळाली की बहुतेक ग्रंथालयांना याची गरज नसल्याने तूर्त हे स्थानिक पातळीवर करावे; कोहात प्रत्येक ग्रंथालयाला आपली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाचे वागणे बदलणारा कोड, टाकण्यासाठी पसंतींत (सेटिंगमध्ये) एक चौकोन दिलेला आहे आणि तशा तयार तुकड्यांचा संग्रहही उपलब्ध आहे. ३० ओळींचा तुकडा दोन संध्याकाळींत तयार झाला. सभासदाच्या नावाखाली तांबड्या अक्षरांत तारीख दिसू लागली आणि अध्यक्षांनी ती पाहुण्यांना बोलावून दाखवली.

२५ ऑगस्ट

२४.०५ वर गेलो आणि तांबडी तारीख नाहीशी झाली. पानाच्या अंतर्गत रचनेतील ज्या खुणांवर माझा तुकडा उभा होता, त्या बदलल्या होत्या. कोणी आश्वासन मोडले असे म्हणता येत नाही, कारण त्या खुणा टिकतील असे कोणी म्हटलेच नव्हते. स्थानिक तुकडा म्हणजे भाड्याच्या भिंतीवर ठोकलेली खुंटी. मालकाने गिलावा काढला की ती पडणारच. तारीख कायम हवी असेल तर ती मूळ प्रणालीत जायला हवी, या निष्कर्षावर मी आलो.

१ सप्टेंबर

कार्यकारिणीची सभा. अध्यक्षांचा प्रस्ताव असा होता की सभासदांच्या तीनशे सह्यांचे निवेदन तयार करावे आणि शक्य झाल्यास जिल्ह्यातील इतर ग्रंथालयांचीही पत्रे जोडावीत. आपल्याकडे रीत हीच आहे : निवेदन द्यायचे, त्यावर पोच घ्यायची, आणि काम झाले नाही तर पूनम गेटसमोर, म्हणजे शहरातील आंदोलनांच्या नेहमीच्या जागी, बसायचे. परंतु या कामात पूनम गेट नाही आणि पोच देणारा आवक-जावक लिपिकही नाही, हे पटवून देण्यात पाऊण तास गेला.

त्यांना मी दोन घटना सांगितल्या. उबुंटू या मुक्तस्रोत संगणक-प्रणालीच्या एप्रिल २०१० च्या आवृत्तीत खिडक्यांची बटणे उजवीकडून डावीकडे नेली, तेव्हा वापरणाऱ्यांनी प्रचंड आरडाओरडा केला. त्यावर संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी ही लोकशाही नाही, चांगले अभिप्राय आणि चांगली माहिती यांचे स्वागत आहे, पण रचनेच्या निर्णयांवर मतदान होणार नाही, असे स्पष्ट सांगितले. बटणे उजवीकडे परतली ती २०१७ मध्ये, तीही उबुंटूने स्वतःची युनिटी ही पडद्याची मांडणी सोडून ग्नोम ही दुसरी स्वीकारली तेव्हा. याउलट जून २०१९ मध्ये त्याच उबुंटूने जुन्या प्रोग्रॅमना लागणारे ३२-बिट घटक बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा विंडोजचे प्रोग्रॅम चालवून देणारा वाइन हा प्रकल्प आणि संगणकीय खेळांच्या वितरणातील व्हॉल्व्ह ही कंपनी यांच्याकडून नेमके काय बंद पडेल हे पुढे आले, आणि काही दिवसांतच निवडक घटक चालू ठेवण्याचा निर्णय झाला. आमच्या चिटणिसांनी येथे रास्त शंका काढली : व्हॉल्व्ह मोठी कंपनी आहे, तिचे ऐकले यात नवल काय? मला त्यावर पूर्ण उत्तर देता आले नाही. वजन कंपनीचे होते आणि तपशिलाचेही होते. आमच्याकडे पहिले नाही, तेव्हा दुसऱ्यावरच भिस्त ठेवावी लागेल, एवढे मी म्हणालो.

पैसे देऊन काम करून घेण्याचा मार्गही आहे, आणि कोहातील अनेक सुधारणा ग्रंथालयांनी अशाच पुरस्कृत केल्या आहेत. एका सेवादात्याकडून अंदाज मागवला. तो आमच्या वर्षभराच्या ग्रंथखरेदीएवढा निघाला. विषय तेथेच संपला.

१५ सप्टेंबर

स्वतःच बदल (घडवणाऱ्यांच्या भाषेत 'पॅच') लिहायला घेतला. कोहा ज्या भाषेत लिहिली आहे ती पर्ल मला येत नव्हती. कारखान्यातून आल्यावर रात्री दहा ते बारा असा आठवडा शिकण्यात गेला. पाठवल्यावर पहिला शेरा आला तो 'पॅच लागू होत नाही' असा, कारण मी, पुढची आवृत्ती जिच्यातून घडते त्या, मुख्य शाखेवर नव्हे तर आमच्या २४.०५ वर काम केले होते. दुसऱ्या खेपेस तो लागू झाला, पण तीन प्रश्न आले. देवघेवीचे पान उघडताना दर वेळी माहितीसंचाला एक जादा प्रश्न जाणार, तो मोठ्या ग्रंथालयांना परवडेल का? वर्गणी न घेणाऱ्या ग्रंथालयांनी ही तारीख का पाहावी? आणि ती ऐच्छिक करायची तर पसंतींच्या यादीत आणखी एक भर पडेल, ती कोण सांभाळणार? शिवाय पॅचसोबतची चाचणीची कृती अपुरी होती. 'पान उघडा आणि तारीख पाहा' एवढेच मी लिहिले होते. सभासद कोणता, वर्गणी कशी आकारायची, आधी काय दिसते आणि नंतर काय दिसायला हवे, हे काहीच नव्हते. तिन्ही प्रश्नांत खोडसाळपणा नव्हता. आजवर मी फक्त आमचा काउंटर पाहत होतो आणि ते सगळ्यांचे काउंटर पाहत होते.

२२ सप्टेंबर

येथे कोहाची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण ती कळली असती तर माझा महिना वाचला असता. कोणाचाही बदल थेट प्रणालीत जात नाही. तो लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी चाचणी करून त्यावर सही करावी लागते. त्यानंतर गुणवत्ता तपासणाऱ्या गटातील व्यक्ती तो पाहते, आणि मग त्या आवृत्तीचा व्यवस्थापक तो मुख्य शाखेत घेतो. ही पदे प्रत्येक सहामाही आवृत्तीसाठी समुदायाच्या बैठकीत निवडली जातात. यातील पहिली सही करण्यासाठी प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. कोहाला सेवा देणाऱ्या संस्था 'सँडबॉक्स' चालवतात. तेथे बदलाचा क्रमांक टाकला की तो बदल घातलेली आयती कोहा ब्राउझरमध्ये उघडते, आणि चाचणी झाल्यावर तेथूनच सही करता येते. सहीसाठी थांबलेल्या बदलांची रांग लांब असते. माझा पॅच त्या रांगेच्या शेपटाला होता आणि मी स्वतः कोणाच्याही पॅचवर सही केलेली नव्हती. परतफेडीची भेट म्हणजे काय, ते मला तेव्हा उमगले.

रविवारी दुपारी ग्रंथपाल बाईंना शेजारी बसवून इतरांचे बदल तपासायला घेतले. मी कृती वाचून मराठीत सांगायचो, त्या माउस चालवायच्या. पहिले दोन बदल ठीक निघाले. तिसऱ्यात, परतीची तारीख बदलण्याच्या एका पानावर, बाईंनी कृतीत नसलेली गोष्ट केली : रकाना मोकळा ठेवून जतन केले, आणि पान चुकीच्या संदेशावर अडकले. मी म्हणालो, "असे कोण करेल?" त्या म्हणाल्या, "सहा वाजता काउंटरवर पंधरा माणसे उभी असली की मीच करते." तसे लिहून आम्ही त्या बदलाला 'तपासणीत अनुत्तीर्ण' असा शेरा दिला. तो लिहिणाऱ्याने लगेचच आभार मानून दुरुस्ती पाठवली. माझ्या तीन परिच्छेदांच्या संतापाला जे साधले नव्हते, ते बाईंच्या एका मोकळ्या रकान्याने साधले.

चहा घेताना मी त्यांना माझा पॅच दाखवला. त्यांनी तारीख पाहिली आणि विचारले, "हिचे मी काय करू?" मग त्यांनी समजावले की पूर्व भागातील यंत्रमाग कामगार हातात पैसे असले की तीन महिन्यांची वर्गणी एकदम भरतो आणि नसले की दोन महिने थांबतो. जूनमध्ये तीन महिन्यांचे भरलेल्या माणसासमोर ऑगस्टमध्ये तांबड्या अक्षरांत जूनची तारीख आली, तर त्या त्याला थकबाकीदार समजतील. त्यांना 'केव्हा भरले' हे नको आहे, 'कोठपर्यंत भरले' हे हवे आहे.

मी निरुत्तर झालो, कारण ते कोहात आधीपासून आहे. सभासदत्व संपण्याची तारीख पानावर दिसते, ती जवळ आली की सूचनाही येते. सभासद वर्गाची मुदत एक महिना ठेवायची, नूतनीकरण आजपासून नव्हे तर आधीच्या मुदतीपासून मोजावे ही पसंती निवडायची, आणि तीन महिन्यांचे पैसे आले की नूतनीकरणाचे बटण तीनदा दाबायचे. प्रत्येक वेळी वर्गणी आपोआप आकारली जाते. "तीनदा दाबेन की," बाई म्हणाल्या.

सात आठवडे मी 'वापरकर्त्याची गरज' म्हणून जे मांडत होतो ते माझे स्वतःचे मत होते. काउंटरवर बसणाऱ्या व्यक्तीला मी एकदाही विचारले नव्हते, आणि घडवणाऱ्यांना ते कळण्याचा मार्गही नव्हता, कारण त्यांच्यापुढे वापरकर्ता म्हणून मीच उभा होतो. इंग्रजी येणारा आणि रात्री मोकळा असणारा तेथे बोलतो. बाईंना यांपैकी काही उपलब्ध नाही. पॅच मागे घेतला आणि कारणही लिहिले.

२९ सप्टेंबर

बाईंची खरी अडचण निराळीच होती. 'चेक इन' आणि 'चेक आउट' यांत त्यांची रोज गल्लत होत होती, कारण त्यांच्या मनात सभासद ग्रंथालयात 'इन' येतो तेव्हा पुस्तक घेतो. प्रणालीच्या दृष्टीने मात्र पुस्तक परत येते ते 'इन'. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नव्हती. कोहाचे भाषांतर वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर खुले आहे आणि मराठीही तेथे आहे. घरगुती पातळीवर 'दिले' आणि 'जमा' हे शब्द लावून पाहिले. 'जमा' आठवडाभर छान चालले, पण वर्गणीच्या पानावर पैशांनाही 'जमा' म्हणतो म्हणून बाईंनीच ते नाकारले. सध्या 'दिले' आणि 'परत आले' यांवर आमचे एकमत आहे. वेबलेटवर सूचना म्हणून ते घातले आहेत. इतर मराठी ग्रंथालयांना पटतील की नाही ते त्यांनी ठरवावे. आमच्या तेलुगू वाचकांनी तेलुगू पानाविषयी विचारले आहे, त्याला अजून हात लावलेला नाही.

२० ऑक्टोबर

आवृत्ती मे आणि नोव्हेंबर या महिन्यांत निघते. तिच्या आधी टप्प्याटप्प्याने मोठे बदल आणि नवी वैशिष्ट्ये घेणे थांबते, आणि शेवटी पडद्यावरील मजकूर गोठवला जातो, जेणेकरून भाषांतर करणाऱ्यांना स्थिर शब्द मिळावेत. सुधारणा सुचवणाऱ्याने मागणी आवृत्ती निघाल्यानंतरच्या महिन्यांत मांडावी. ऑक्टोबरात मांडलेली मागणी चांगली असली तरी मेपर्यंत थांबते. दसऱ्यानंतरच्या दोन रविवारी आम्ही फक्त भाषांतर आणि चाचण्या केल्या.

८ डिसेंबर

२४.११ आली आहे. आम्ही जानेवारीत, सिद्धेश्वर यात्रेच्या गड्ड्याची गर्दी ओसरल्यावर, तिच्यावर जाऊ. आजवरचा एकूण खर्च १७,४०० रुपये. वाया गेलेला वेळ : शोधाच्या चुकीचे ११ दिवस आणि पॅचचे सात आठवडे. बाईंनी तपासलेल्या बदलांची संख्या नऊ, त्यांपैकी दोन अनुत्तीर्ण.

आतापर्यंतच्या सह्या मी माझ्या नावाने केल्या होत्या. ते योग्य नव्हते. सही करणाऱ्याचे नाव त्या बदलाच्या नोंदीत कायम राहते आणि नंतर पुसता येत नाही, हे बाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि पर्समधून बँकेचे पासबुक काढले. त्यांच्या तेलुगू आडनावात इंग्रजीत एक 'एल' लिहायचा की दोन, यावर आधार कार्ड आणि पासबुक यांचे एकमत नव्हते. शेवटी त्यांनी दोन निवडले, मला अक्षरन् अक्षर वाचून दाखवायला लावले आणि मग स्वतः बटण दाबले.